सगळ्यात खालची बांधी

आमचं झेरॉक्सचं दुकान गोंदियात कचेरीच्या रस्त्याला आहे. भिंतीला खिळा ठोकायचा नाही या अटीसकट अकरा महिन्यांचे भाडेकरार मी इतके छापले आहेत, की कोणत्या गल्लीतला किरायेदार टिकतो आणि कोणत्या गल्लीतला दिवाळीच्या आत सामान बांधतो, हे मला घरमालकाच्या आधी कळतं. म्हणून लोक येता-जाता विचारतात. कोणाला रिटायरमेंटचा पैसा खोल्यांत घालायचा असतो, कोणाला पोराच्या नावाने चार खोल्या काढून ठेवायच्या असतात. "वहिनी, जागा कशी वाटते?" म्हणतात आणि मोबाईलवरचा फोटो पुढे करतात. मी फोटो बघत नाही. मी विचारते, पाणी कुठे जातं?

ते हसतात. त्यांना वाटत असतं, बाई स्टेशन किती दूर ते विचारेल, दवाखाना-कॉलेज जवळ आहे का ते विचारेल. तेही विचारते, पण नंतर. एकदा एक मास्तर मला म्हणाले, "पाणी जमिनीतच मुरतं वहिनी, आणखी कुठे जाणार?" त्यांना मी घरी जाऊन बायकोला मोरीचं पाणी कुठे जातं ते विचारायला सांगितलं.

हा प्रश्न मी माझ्या बाबांमुळे शिकले. बाबा आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला आधी रडू येतं, रडू आलं की राग येतो, आणि तो राग कोणावर काढायचा ते कळत नाही. त्यांच्यावर तर काढताच येत नाही. त्यांनी आयुष्यभर जी अक्कल वापरून आम्हाला पोसलं, तीच अक्कल त्यांनी जागा घेतानाही वापरली होती.

बाबा गोंदियाजवळच्या कामठा गावचे, धानाचे शेतकरी. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरी जेवत नाहीत. काही तर पाणीही पीत नाहीत. दिलेल्या लेकीचं खाऊ नये, असं मानतात. बाबा तेवढे कडक नव्हते, पण त्यांनी त्यातून आपली एक वाट काढली होती. गावाहून आले की खांद्यावर तांदळाची थैली असायचीच. चप्पल काढायच्या आधी ती माझ्या हातात द्यायची आणि सांगायचं, "माहाच तांदूळ शिजवजो." मग ते माझ्या घरी पोटभर जेवत, आणि वरणात मीठ कमी आहे म्हणून नावंही ठेवत. माझा नवरा हसायचा. म्हणायचा, "मामाजी, तांदूळ तुमचा, पण मीठ तर आमचं आहे ना?" बाबाही हसत.

आई गेली, आणि मागोमाग बाबांचे गुडघे गेले. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत चिखलात उतरले की पाय वर निघेना. मी एकुलती एक. मी म्हटलं, शेत ठेक्याने द्या आणि माझ्याकडे या. ते म्हणाले, "दुसऱ्याची रोवणी पाहत पारावर बसून राहू का मी?" मग म्हटलं, विका आणि पैसा बँकेत ठेवा. तर म्हणाले, "बँकेतला पैसा दिसत नाही. मले डोळ्यानं दिसंल अशी वस्तू पायजे." शेवटी त्यांनीच सांगितलं त्यांच्या मनात काय होतं ते. "शेत विकतो, खोल्या बांधतो. किराया येईन, त्याचा तांदूळ घेईन. तुह्या घरी येईन ते आपला तांदूळ घेऊन येईन. मरेपर्यंत. आनखी काई नाही पायजे मले."

त्यांना श्रीमंत व्हायचं नव्हतं. लेकीच्या दारात हात पसरायचा नव्हता, एवढंच.

जागा बघायला आम्ही तिघं फिरलो: बाबा, मी आणि नवरा. नवऱ्याच्या मनात एक जागा होती, बाजाराच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावरच्या दोन जुन्या खोल्या. जिना अंधारा, खाली धान्याचं गोदाम, दिवसभर हमालांचा आरडाओरडा. पण स्टेशन पायी जाण्याइतकं जवळ, खोल्यांत माणसं आधीच राहत होती, आणि एक किरायेदार गेला तर दुसरा जिन्यातच उभा असतो अशी ती गल्ली. धोका तिथेही होता. इमारत जुनी, तीन भावांत सामाईक. एकाने सहीला आढेवेढे घेतले तर कोर्टाच्या पायऱ्या चढा. मी सगळं बाबांपुढे मांडलं. त्यांनी जिन्यातूनच वर बघितलं आणि मान हलवली.

"पायाखाली आपली माती नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर कोन राहाते वं?"

मग दलाल आम्हाला शहराबाहेर मुर्रीकडे घेऊन गेला. तिथे कोणाची तरी धानाची जमीन मोडून प्लॉट पाडले होते. चुन्याच्या रेघा, सिमेंटचे ठोकळे, आणि वैशाखाचं ऊन. दोन प्लॉट विकायचे राहिले होते. एक रस्त्याला लागून, उंचावर, मुरमाड, लहान आणि महाग. दुसरा मागे, सगळ्यात खाली, मोठा आणि स्वस्त.

ज्यांनी धान लावलं नाही त्यांना इथे थोडं सांगावं लागेल. धानाची शेती उतारावर असते. पार, म्हणजे मातीचे बांध, घालून एकाखाली एक असे तुकडे पाडतात. एकेका तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो. वरच्या बांधीचं पाणी पार फोडून खालच्या बांधीत उतरवतात. पाऊस ओढ देतो तेव्हा वरची बांधी आधी वाळते आणि सगळ्यात खालची शेवटपर्यंत हिरवी राहते. वाटण्यांच्या वेळी भाऊ भाऊ भांडतात ते त्या खालच्या बांधीसाठी. बाबांच्या वाट्याला ती आली होती. दुष्काळात अख्ख्या गावाचं धान करपलं, तेव्हाही तिने आम्हाला खाऊ घातलं. माझं शिक्षण तिच्यावर झालं, लग्नही तिच्यावरच.

बाबांनी वरच्या प्लॉटवर चपलेच्या टोकाने मुरूम उकरला आणि म्हणाले, "बरड आहे." मग काठी टेकत खाली उतरले. खालची जमीन उन्हाने तडकली होती. एका भेगेत त्यांनी मनगटापर्यंत हात घातला, आतलं ढेकूळ काढलं, थुंकी लावून बोटांत मळलं. त्याची गोळी झाली. गोळी जमिनीवर टाकली, ती फुटली नाही. आई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी बघितला नव्हता.

"लोणी आहे, लोणी! आनं हे स्वस्तात देऊन राहिला. शहरातल्या लोकाईले मातीची अक्कलच नाही."

"बाबा, इथं खोल्या बांधाच्या आहेत. धान नाही लावाचं."

"खोल्या का आनं धान का, चांगली जागा ते चांगलीच जागा."

"पानी इकडंच येईन ना सारं!"

"मग? पानी येते तिथं लक्ष्मी येते."

नवऱ्याने त्यांना रस्त्याची उंची दाखवली, उतार दाखवला. मी भांडले, अबोला धरला, एक दिवस जेवलेही नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्या दृष्टीने आम्ही दोघं कागदाच्या धंद्यातली माणसं. आम्हाला जमिनीतलं काय कळणार? दलाल मात्र त्यांच्या सुरात सूर मिळवत होता. "काका, लोकेशन देखो लोकेशन. दो साल में यहाँ पूरी कॉलोनी हो जाएगी." त्या माणसाच्या शंभर गप्पांमधली ही एकच गोष्ट खरी निघाली, आणि तिनेच घात केला.

चार खोल्या उभ्या राहिल्या, एका ओळीत, पुढे पडवी. एका खोलीत बाबा आणि तीन किरायाने. बांधकाम चालू असताना ते पहाटेच विटांच्या भिंतींवर पाणी मारायचे, धानाच्या पऱ्ह्यांना, कोवळ्या रोपांना घालावं तसं, जपून. नवऱ्याने आग्रह करून जोतं थोडं वर उचलायला लावलं. बाबा कुरकुरले, पण जावयाचा शब्द म्हणून मानलं.

पहिली दोन वर्षं चांगली गेली, हे मला सांगितलंच पाहिजे. पाऊस बेताचा होता, आणि आजूबाजूचे प्लॉट रिकामे होते, त्यामुळे पाणी चहूकडे पसरायचं. एका खोलीत नर्सिंगच्या दोन मुली आल्या, एकीत रेल्वेच्या ठेकेदाराकडे काम करणारा एक गडी, आणि एकीत सालेकसा भागातलं एक तरुण जोडपं. त्या बाईला तिथेच बाळ झालं. बाबा घरमालक कसले, ते त्या सगळ्यांचे आजोबाच झाले. पडवीच्या कडेला पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायचे आणि सगळ्यांच्या दारात जुडी ठेवायचे. मुलींना परतायला उशीर झाला तर फाटकाशी उभे राहायचे. आणि महिन्याच्या महिन्याला माझ्या दारात थैली. तांदूळ दुकानातला असायचा, गावच्या तांदळाची चव त्याला नव्हती, पण देताना मान तीच ताठ. "माहाच तांदूळ शिजवजो." मीठ कमी असण्याची तक्रारही सुरूच होती. मला वाटलं, मी उगाच भांडले. देवाला नारळ फोडला मी.

मग दलालाची कॉलोनी झाली. ज्याने त्याने आपल्या प्लॉटवर ट्रॅक्टरने मुरूम आणून टाकला, जमीन उचलली आणि वर घर बांधलं. कोणाचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. पण प्रत्येक नव्या घराबरोबर बाबांची जागा न हलता आणखी खाली गेली. जे पाणी आधी दहा प्लॉटांत पसरायचं, त्याला आता जायला एकच जागा उरली.

तिसऱ्या वर्षी भादव्यात पाणी खोल्यांत आलं. दारातून आलं असतं तर पोतं लावून अडवता आलं असतं. ते फरशीच्या सांध्यांतून वर आलं, आवाज न करता. आणि आलं ते जाईना. ज्या मातीची बाबांनी गोळी करून बघितली होती, ती आपल्या गुणाला जागली; पाणी धरून बसली. संडासाची टाकी उलटी भरली. भिंतींना कमरेपर्यंत ओल चढली आणि रंगाचे पापुद्रे सुटले. नर्सिंगच्या मुलींचे वडील येऊन त्यांना घेऊन गेले. रेल्वेचा गडी मागोमाग गेला.

मी गेले तेव्हा बाबा फावडं घेऊन गुडघाभर पाण्यात उभे होते, त्या गुडघ्यांनी. खोल्यांच्या मागून चर खणत होते. बांधीतलं पाणी उतरवायची त्यांची पद्धत ती: वाट करून द्या, पाणी खाली जाईल. चर सरळ मागच्या शेजाऱ्याच्या नव्या भिंतीपर्यंत गेला होता आणि तिथेच तुडुंब भरून थांबला होता. भिंतीपलीकडचं अंगण कमरेइतकं उंच. बाबा चराकडे बघत होते.

"खाली बांधीच नाही, पोरी," ते म्हणाले. "उतरवू कुठं?"

बोलण्यासारखं खूप होतं, पण त्यांना ते तेव्हा कळून चुकलं होतं, माझ्यासमोर, पाण्यात उभं असताना. त्यांच्या हातातलं फावडं मी घेतलं. ते आधी सोडेनात.

जोडपं राहिलं. त्यांना तेवढ्या किरायात दुसरीकडे कुठेच खोली मिळत नव्हती. बाईने खाटेखाली विटा रचून खाट उंच केली होती आणि बाळाला तिच्यावर बांधून ठेवायची, पडू नये म्हणून. बाळाला सारखा ताप, सारखा खोकला. एक दिवस बाबा सकाळी तिच्या दाराशी गेले आणि ते बाळ त्यांनी तसं बघितलं, कमरेला साडीची पट्टी, खाली पाणी, पाण्याकडे बघून हात मारत हसणारं. त्याच दिवशी त्यांनी जोडप्याला खोली सोडायला सांगितली. ती दोघं घाबरली, त्यांना वाटलं काका चिडले. बाबांनी त्यांची अनामत परत दिली, माझ्या नवऱ्याला गावात फिरवून त्यांच्यासाठी उंचावरची एक खोली शोधायला लावली, आणि बाळाला स्वतः कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत सोडलं.

दलाल पुन्हा आला. आता तो निम्म्या किरायाची माणसं आणत होता. "काका, लेबर लोग हैं. उनको सब चलता है."

"त्याईले चालते," बाबा म्हणाले, "मले नाही चालत."

त्यांनी कुलपं लावली. मी म्हटलं विकून टाका, तर घेणारा कोणी येईना. जो यायचा तो कोरड्या दिवसांत येऊनही भिंतीवरची ओलीची रेघ बघून परत जायचा. एक-दोघांनी बाबांना उन्हाळ्यात चुना मारून घ्यायचा सल्ला दिला, म्हणजे रेघ दिसणार नाही. बाबांनी चुना मारला नाही. मला त्यांचा तेव्हा अभिमानही वाटला आणि रागही आला. एवढा सरळपणा परवडण्यासारखा होता का त्यांना? पण माती विकत घेताना जो माणूस स्वतः फसला, तो दुसऱ्याला फसवायला तयार नव्हता, आणि त्यापुढे माझं काही चालणार नव्हतं.

मग ते आमच्याकडे राहायला आले. आमच्या घरात कागदाचे गठ्ठे ठेवायची एक लहान खोली होती, ती रिकामी केली. ते आले त्या दिवशी खांद्यावर कपड्यांची थैली होती, बाकी काही नव्हतं. दारात चप्पल काढली आणि क्षणभर माझ्या हातांकडे बघत उभे राहिले. मी हात मागे घेतले, नि घाईने आत पाणी आणायला गेले.

त्या दिवसापासून त्यांनी मिठाला नाव ठेवलं नाही. एकदा मी मुद्दाम वरण अळणी केलं. ते मुकाट्याने जेवले आणि म्हणाले, "चांगलं झालं."

घरात ते इतके हळू वावरायचे की मला धसका बसायचा. मी उठायच्या आत पाणी भरून ठेवायचे. पंखा लावायच्या आधी विचारायचे. दुपारी दुकानात आले तर स्टुलावर न बसता दाराशी उभे राहायचे. मी ओरडायचे, "बाबा, बसा ना! काऊन उभे राहता?" ते म्हणायचे, "गिऱ्हाईकाले पायजे स्टूल." माझं माहेर, माझा बाप, माझ्याच घरात पाहुण्यासारखाही नाही, त्याहून कमी होऊन राहत होता, आणि मी काय केलं असतं म्हणजे ते थांबलं असतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. नवऱ्याने त्यांना काही म्हटलं नाही कधी. त्याने तर त्यांना बापापेक्षा जास्त मानलं. पण बाबांना कोणी काही म्हणायची गरजच नव्हती.

दिवाळीला माझी नणंद लेकरांना घेऊन येणार होती. मी आणि नवरा बाबांच्या खोलीलगतच्या स्वयंपाकघरात कोणाला कुठे झोपवायचं ते बोलत होतो. शेजारून एखादी गादी आणावी लागेल, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेले. खोली झाडलेली होती. वळकटी दोरीने बांधलेली, थैली भरलेली. बाबा अंघोळ करून, टोपी घालून खाटेच्या कडेला बसले होते.

"कुठं चालले?"

"मुर्रीले जातो. खोली खाली करून देतो. पावणे येऊन राहिले ना तुमच्या घरी."

"तिथं भिंतीले ओल आहे, बाबा."

"सुकली असंल आता."

मी चहा खाली ठेवला. मी संतापले. "तुमी किरायेदार आहात का इथं? खोली खाली करून देतो म्हणता!"

ते रागावले नाहीत. उठून उभे राहिले, आणि घरमालकाशी बोलावं तशा नरम आवाजात म्हणाले, "तसं नाही, माय. तू चांगलंच ठेवलं मले. पन म्या बी खोल्या देल्या होत्या. समजते मले." मग त्यांनी हात भिंतींवरून फिरवून दाखवला. "पाहून घे. एक बी खिळा नाही ठोकला म्या."

मी बघितलं. कॅलेंडर नाही, आईचा फोटो नाही, सदरा अडकवायलाही काही नाही. सदरा ते इतके दिवस खिडकीच्या गजाला अडकवत होते. चारही भिंती मी बघितल्या. खरंच, एकही खिळा नव्हता.